झाडीचा वाचक आणि पुस्तकांचे गाव

महाराष्ट्रात प्रतापगड दोन आहेत. एकाचे नाव घेताच शाळेतील मूलही जावळीचे खोरे व अफजलखानाचा वध ह्यांची हकीकत सांगू लागते. दुसरा गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्याचा उल्लेख केला असता पुण्यामुंबईचा सुविद्य वाचक बोलणाराचीच काही गफलत झाली असावी असे समजून संभाषण पुन्हा जावळीकडे वळवितो. ह्या दुसऱ्या प्रतापगडाच्या डोंगरावर जुना किल्ला आहे व महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. तेथेच ख्वाजा उस्मान हारूनी ह्यांच्या नावाचा दर्गा असून त्यालाही दूरदूरचे भाविक येतात. जवळच गोठणगावाकडे १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि तिबेटी अशा चार भाषा ज्या टापूत नांदतात, असा मुलूख महाराष्ट्रात दुसरा सहसा सापडावयाचा नाही. आणि आमच्या वाङ्मयाच्या नकाशावर तो जवळजवळ कोरा आहे.

ह्या दोन गडांची आठवण आज होण्यास कारण इतिहासाचे नसून ग्रंथांचे आहे. साताऱ्याकडील प्रतापगडाच्या वाटेवरचा महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर. त्यात भिलार नावाचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. गावातील २५ ठिकाणी, घरांतून व देवळांतून, सुमारे १५,००० ग्रंथ मांडले गेले. पुढे २०२२ साली ही योजना इतर विभागांत नेण्याचे शासनाने ठरविले, तेव्हा वेरूळ, पोंभुर्ले व अंकलखोप ह्यांच्या जोडीला नवेगावबांधाचे नाव घेतले गेले. हे नवेगावबांध आमच्या दुसऱ्या प्रतापगडाच्याच तालुक्यातले. पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव, वेरूळास लेणी आहेत. नवेगावबांध निवडताना तेथील विस्तीर्ण तळे आणि १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले अरण्य ही निवडणारांच्या नजरेसमोर असावीत, असा आमचा तर्क आहे. निवड चांगली झाली. आमचा वाद निवडीशी नाही. तेथे कोणती पुस्तके जावयाची व ती कोणासाठी, ह्या प्रश्नाविषयी साहित्यिक वर्तुळात जे मौन आहे त्याच्याशी आहे.

भिलारची मूळ कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय ह्या गावावरून सुचली. तेथे रिचर्ड बूथ नावाच्या एका विक्षिप्त गृहस्थाने जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली व हा हा म्हणता सारा गाव पुस्तकविक्या झाला. स्वारीने १९७७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस स्वतःस त्या गावचा राजा म्हणवून घेण्यापर्यंत मजल नेली! परंतु त्या थट्टेच्या पोटी व्यापार होता. माणसे येत, पुस्तक विकत घेत, घरी नेत. भिलारास व्यापार वगळला आणि पाहुणचार ठेवला. थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या प्रवाशाने स्ट्रॉबेरी खावी, ओटीवर बसून दोन प्रकरणे वाचावी आणि उठून जावे. हेही काही वाईट नाही. पण नवेगावबांधास हीच रचना जशीच्या तशी नेली तर काय होईल? वाघ पाहावयास आलेला नागपूरकर वाघ न दिसल्यामुळे रिकामा राहिलेला तास पुस्तकावर घालवील. आणि तळ्याच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस, ज्याला ते पुस्तक रात्री घरी न्यावयाचे आहे, तो कपाटाच्या काचेतून पाहुण्याचे वाचन पाहत उभा राहील. पुस्तकांचे गाव हे त्या गावाचे प्रथम व पाहुण्यांचे मागाहून, एवढी साधी गोष्ट आमच्या योजकांस आधी मान्य झाली पाहिजे.

ह्यावर आमचे काही साहित्यिक स्नेही हसून विचारतात, “अहो, झाडीत वाचणार कोण?” हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की तो आता प्रश्न राहिला नसून सबब झाला आहे. तेव्हा त्याचे उत्तर एकदा सविस्तर दिलेले बरे.

धानाचे पीक घरात आले, की दिवाळी-भाऊबीजेपासून होळीच्या सुमारापर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत गावोगाव नाटके होतात. रात्री उशिरा पडदा वर जातो व पहाट होईतो प्रयोग चालतो. कडाक्याच्या थंडीत, शेकडो माणसे, लेकुरवाळ्या बायकांसह, तिकीट काढून बसतात. ह्या व्यवसायाचे केंद्र वडसा. तेथे प्रयोगांची ठरवाठरव ज्या कचेऱ्यांतून होते त्यांस लोक ‘प्रेस’ म्हणतात. हा शब्द ऐकून आम्हांस प्रथम मोठा आनंद झाला होता, पण तेथे नाटके छापली जात नाहीत. गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे ह्यांस ह्याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चार दिवस वृत्तपत्रांतून झाडीपट्टीचे कौतुक झाले. पाचव्या दिवशी सर्व पूर्ववत्.

आता विचार करा. पदरचे पैसे मोजून पाच-सहा तास मराठी संवाद ऐकावयास बसणारा समाज वाङ्मयास विन्मुख आहे, असे म्हणण्यास कोणते धाडस लागते? मुंबईत नाटकाचा प्रयोग अडीच तासांवर गेला की प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो. झाडीत पहाटे चारला नायिका रडू लागली तरी कोणी उठत नाही. असा श्रोता ज्या भाषेच्या पदरी आहे, त्या भाषेच्या प्रकाशकाने ‘वाचक नाही’ म्हणून गळा काढणे, म्हणजे तळ्याच्या काठी बसून तहानेची तक्रार करणे होय.

ह्या नाटकांचा आम्ही आंधळा कैवार घेत नाही. त्यांतील पुष्कळशी भडक असतात. दारुडा नवरा, सोशिक बायको, कपटी सरपंच ही पात्रे एका नाटकातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतात. विनोदासाठी म्हणून घातलेले प्रवेश कथेचा गळा दाबतात, आणि नाचगाण्याची भर तर अलीकडे फारच झाली आहे. पण हे दोष सांगावयाचे कोणी व कशाच्या आधाराने? संहिता वहीत असते. ती वही नाटककाराकडून मंडळाकडे, तेथून प्रॉम्प्टरच्या हाती आणि हंगाम संपला की कोठल्यातरी पेटीत. जे छापले गेले नाही त्याची समीक्षा होत नाही; ज्याची समीक्षा होत नाही त्याचा लेखक आपलीच मागली वही पुढे ठेवून पुढली लिहितो. मग नागपूरचा प्राध्यापक म्हणतो, की ह्या नाटकांत वाङ्मयगुण नाहीत म्हणून ती छापीत नाहीत. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ती छापीत नाहीत म्हणून त्यांत वाङ्मयगुण येण्याचा रस्ताच बंद झाला आहे. गडकरी-खाडिलकरांची नाटके छापून निघाली, शाळा-कॉलेजांतून वाचली गेली, त्यांवर कडाक्याचे वाद झाले, तेव्हा कोठे मराठी प्रेक्षकाची अभिरुची घडली. हा लाभ कृष्णा-मुठेच्या काठी द्यावयाचा आणि वैनगंगेच्या काठी नाकारावयाचा, हा कोणता न्याय?

१८ जून २०२५ रोजी मारुती चितमपल्ली सोलापूर येथे निवर्तले. त्याच वर्षी त्यांस पद्मश्री मिळाली होती. २००६ साली सोलापुरासच भरलेल्या ७९ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर आम्ही ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’ व ‘चकवाचांदण’ ही पुस्तके पुन्हा वाचून काढली, आणि त्याच सुमारास प्रसिद्ध झालेले मृत्युलेखही वाचले. दोहोंत विलक्षण अंतर आढळले. मृत्युलेखांत एक ‘अरण्यऋषी’ आहे, निबिड अरण्य आहे, पक्षी आहेत, माणसे नाहीत. चितमपल्लींच्या पुस्तकांत मात्र पानोपानी माणसे आहेत. नवेगावबांधाच्या मुक्कामात त्यांस ज्यांनी रान दाखविले ते माधवराव पाटील आहेत, तळ्यात जाळे टाकणारे ढिवर आहेत, पाखराच्या आवाजावरून त्याचे नाव सांगणारे गोंड वाटाडे आहेत. संस्कृत ग्रंथांतील नाव व रानातल्या माणसाने सांगितलेले नाव ही शेजारी शेजारी ठेवून दोहोंस सारखा मान देणे, ह्यातच चितमपल्लींचे खरे मोठेपण आहे. ‘पक्षिकोश’ हा ग्रंथ अशा नावांच्या जोरावर उभा आहे.

म्हणजे मराठी भाषेस जे शब्दधन मिळाल्याबद्दल आपण सारे चितमपल्लींचे ऋणी आहोत, त्यातील मोठा भाग झाडीतल्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या माणसांच्या जिभेवरचा होता. तो उचलून आणणारा लेखक सोलापूरचा. त्याने तो कृतज्ञतेने उचलला, नावानिशी उचलला. पण आम्ही वाचकांनी काय केले? शब्द घेतले आणि बोलणारास विसरलो. झाडी ही आमच्या वाङ्मयाचा विषय झाली. वाचक म्हणून, लेखक म्हणून तिला आम्ही अद्याप दारात उभे केले नाही.

दुसरी एक गोष्ट ह्याच अनुषंगाने. मराठी ग्रामीण कादंबरीचे गाव कसे असते ते वाचकांस पाठ आहे. काळी किंवा माळाची जमीन, विहीर, मोट, ज्वारी-बाजरीची भाकर, पाऊस न आल्याने वर पाहणारे डोळे. १९५५ च्या ‘बनगरवाडी’तील माणदेश घ्या, १९८७ च्या ‘झोंबी’तील कागल घ्या, दोन्ही कृती थोर आहेत ह्यात शंका नाही. परंतु अर्जुनी मोरगावच्या मुलाने त्या वाचल्या म्हणजे त्याला त्या परगावच्या वाटतात. त्याच्या गावात विहिरीपेक्षा तळे मोठे. कोहळी समाजाने खणलेली, मालगुजारीच्या काळापासून चालत आलेली आणि आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखली जाणारी ती तळी ह्या मुलखाचा प्राण होत. शेताचा तुकडा ‘बांधी’, लहानसे तळे ‘बोडी’, पानात भात. तळ्याचे पाणी कोणाच्या बांधीत आधी सुटावयाचे ह्यावरून जी भांडणे, जे सलोखे, जे रुसवे होतात, त्यांत एका चांगल्या कादंबरीस पुरून उरेल एवढे नाट्य आहे. हे ज्यास माहीत आहे त्याने लिहावे म्हणून आम्ही त्याला कधी बोलाविले आहे काय? उलट त्याने ‘पाणी’स ‘पानी’ लिहिले की पहिला लाल शेरा आमचाच.

येथे बोलीचा प्रश्न येतो, आणि येथेच आमच्या शिष्ट मंडळींचे सोंग उघडे पडते. मालवणी बोली त्यांस रंगभूमीवर चालते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’स १९८० पासून त्यांनी डोक्यावर घेतले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधील वऱ्हाडी १९६० साली खटकली तरी पुढे अभ्यासक्रमात बसली. पण झाडीबोली म्हटली की ती ‘मराठी म्हणावी की हिंदी’ असा साळसूद संशय व्यक्त होतो. मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक ह्यांच्या कथासंग्रहास ‘हार्ट लॅम्प’ ह्या इंग्रजी भाषांतराबद्दल आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. भाषांतरकर्त्या दीपा भास्ती ह्यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द इंग्रजीत तसेच राहू दिले. ते तिरप्या ठशात घातले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. लंडनच्या परीक्षकांनी त्यातच गुण पाहिला. ही बातमी आमच्या मासिकांनी मोठ्या अभिमानाने छापली. कर्नाटकातल्या मुसलमान बाईच्या घरातला शब्द लंडनच्या वाचकास अर्थासह पचतो. साकोलीच्या शेतकऱ्याचा शब्द मात्र पुण्याच्या वाचकास कोशावाचून गिळत नाही! आणि ज्यास कोशच हवा त्याच्यासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी झाडीबोलीचा शब्दकोशही सिद्ध केला आहे. झाडीपट्टीच्या दंडारीवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका मोठ्या शहरातील नामांकित दुकानात आम्ही हा कोश मागितला, तेव्हा दुकानदाराने ‘झाडी’ शब्द ऐकून आम्हांस बागकामाच्या पुस्तकांकडे नेले. त्याचा दोष काय म्हणून काढावा? त्याच्याकडे तो कोश पूर्वी कोणी मागितलाच नसेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली जो अहवाल दिला त्याचे हे फळ, आणि त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण अभिजाततेचा पुरावा कोठून आला हे त्या आनंदात विसरले जाऊ नये. ज्या ‘लीळाचरित्रा’चा आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण गौरव करतो त्याची भूमी ऋद्धपूर, म्हणजे वऱ्हाड, मराठी भाषा विद्यापीठही आता तेथेच स्थापन झाले आहे. ‘विवेकसिंधु’ हा शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. मुकुंदराजांनी तो वैनगंगेच्या काठी अंभोरा येथे रचला अशी एक परंपरा आहे. आंबेजोगाईकर हे मान्य करीत नाहीत, आणि तो वाद आम्ही येथे सोडवू इच्छीत नाही. आणखी मागे जावे, तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणून ओळखलेले स्थळ ह्याच गोंदिया जिल्ह्यात, आमगावाजवळ आहे. आपणांस कमी लेखणाऱ्या टीकाकारांस ‘मालतीमाधवा’च्या आरंभी त्या कवीने जे उत्तर दिले ते सर्वश्रुतच आहे. असल्या मुलखास वाङ्मयाची परंपरा नाही असे सांगणाराने आधी आपले वाचन तपासावे.

ह्या दृष्टीने अलीकडची दोन संमेलने पाहू. ९८ वे संमेलन फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाले. अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या. लोकसाहित्याच्या अभ्यासात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस तो मान मिळाला, हे फार योग्य झाले. ९९ वे जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यास, विश्वास पाटील ह्यांच्या अध्यक्षतेखाली. साताऱ्यास गेलेले कित्येक रसिक प्रतापगड चढून आले असतील. लोकसाहित्याच्या विदुषीस अध्यक्ष करावयाचे, आणि ज्या लोकांचे ते साहित्य त्यांचे आज लिहिले जाणारे नाटक ग्रंथप्रदर्शनात कोठेच दिसू द्यावयाचे नाही, ही विसंगती कोणाच्या ध्यानी आली काय? विदर्भ साहित्य संघाची तर २०२३ साली शंभरी झाली. घरातल्या माणसावर बोट ठेवणे कठीण असते, म्हणून आम्ही एवढेच म्हणतो की नागपूरहून वडसा हे पुण्याहून जितके दूर त्याहून पुष्कळच जवळ आहे.

आता मागणे काय ते स्पष्ट सांगतो, म्हणजे नुसती टीका केली असा आरोप नको. नवेगावबांधास जी पुस्तके जातील त्यांत शासनमान्य यादीतली पाच-दहा हजार पुस्तके खुशाल असोत. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘श्यामची आई’ ह्यांवाचून कोणाचे वाचन होत नाही. पण पहिली खोली झाडीची असावी. तीत बोरकरांचा कोश असावा, दंडार व खडीगंमत ह्यांवरील लेखन असावे, झाडीबोलीत लिहिणाऱ्या कवींची चिमुकली, स्वखर्चाने छापलेली, कोणत्याही दुकानात न मिळणारी पुस्तके असावीत. चितमपल्लींची सर्व पुस्तके असावीतच, आणि त्यांत आलेल्या स्थानिक नावांची सूची करून तीवर गावातल्या जाणत्यांकडून शुद्धाशुद्ध पाहून घ्यावे. एक कपाट गोंडीसाठी ठेवावे. तिबेटी वसाहतीतील मुले मराठी शाळेत शिकत असतील तर त्यांच्यासाठी तिबेटी-मराठी असे एखादे लहानसे पुस्तक कोणी का करू नये? असे पुस्तक जगात दुसरीकडे कोठे निर्माण व्हावे अशी अपेक्षा आहे?

आणि नाटकाच्या वह्या. दरसाल निदान दहा संहिता निवडून, नाटककारास मानधन देऊन, साध्या कागदावर छापाव्यात. निवड करणाऱ्या समितीत प्राध्यापक एकच असावा. बाकी एक नट, एक प्रॉम्प्टर आणि रात्रभर बसून नाटक पाहणारी दोन माणसे. किंमत नाटकाच्या तिकिटाहून अधिक नसावी, कारण प्रेक्षक जेवढे पैसे पाहावयास देतो तेवढे वाचावयास देईल की नाही ह्याची खरी परीक्षा तेव्हाच होईल. ती छापून आली की आम्ही त्यांचे परीक्षण ह्याच पानांवर, कोणतीही दयामाया न दाखविता करू. झाडीच्या नाटककारास आमची दया नको आहे. इतरांच्या वाट्यास येते तेवढी निष्ठुर टीका त्याच्याही वाट्यास यावी, एवढाच त्याचा हक्क आम्ही मागत आहो.

ही पुस्तके ठेवावयाची ती कुलपात नव्हे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ सालचा आहे. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून खेड्यांतील ग्रंथालयांस अनुदान देण्याची रीत रूढ आहे. नवेगावबांधाच्या संग्रहातून भोवतालच्या लहान ग्रंथालयांनी पेटी उचलावी, महिनाभर ठेवावी, परत करून दुसरी न्यावी. फिरत्या पेटीची ही युक्ती फार जुनी आहे व तिला मंत्रालयातून नवी योजना यावी लागत नाही. काही पुस्तके हरवतील, काहींवर हळदीचे डाग पडतील. पडू द्यावेत.

पहिली पेटी कोठे न्यावी हेही आम्ही सुचवितो. महाशिवरात्रीस प्रतापगडाच्या यात्रेत खेळणी, मिठाई व बांगड्या ह्यांची दुकाने लागतात, तेथे त्यांच्याच रांगेत एक दुकान झाडीच्या पुस्तकांचे लावावे. त्यात दुकानदार म्हणून बसावयास माणूस मिळत नसेल, तर आम्हांस पत्र टाकावे.